मोठ्या फुलांचा सुती कुर्ता: कापड घेण्यापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

बारीक बुट्टीचं कापड शिवणाऱ्याच्या चुका पोटात घालतं. कडेची शिवण अर्धा इंच वरखाली झाली, खिसा जरा तिरका बसला, तरी कुणाच्या नजरेत येत नाही. पंजाएवढी जास्वंद छापलेलं कापड मात्र काहीच झाकत नाही. छातीवर दोन्ही बाजूंना दोन फुलं नेमकी जोडीने आली, पाठीमागचं फूल बसण्याच्या जागी गेलं किंवा पुढची फुलं वर तोंड करून आणि मागची खाली तोंड करून आली, तर शिलाई कितीही सुबक असो, तो कपडा कपाटातून बाहेर येत नाही. अशा कापडात निम्मं काम कात्री लावण्याआधीच, जमिनीवर कापड पसरून करायचं असतं, आणि या लेखातला जास्त मजकूरही त्यावरच आहे.

उदाहरणासाठी गुडघ्यापर्यंतचा सैल, ए-लाइन (खाली रुंद होत जाणारा) कुर्ता घेतला आहे: अंगाची छाती ३६ इंच, तयार कपड्याची ४०, उंची ४०, कोपरापर्यंत बाही. वन-पीस असो वा शर्ट, हिशेबाची रीत तीच.

कापड हातात घेतल्यावर

मुंबईत सुट्या मीटरने कापड घ्यायचं तर क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट, दादर पूर्वेचं हिंदमाता आणि किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट या नेहमीच्या जागा. मंगलदास रविवारी बंद असतं. मुळजी जेठा मार्केट मुख्यतः घाऊक व्यापाऱ्यांचं, तिथे एका कुर्त्यापुरतं कापड मागत फिरण्यात वेळ जातो.

दुकानात सगळ्यात आधी कापड खरोखर सुती आहे का ते पाहा. फुलाफुलांच्या छपाईत ‘कॉटन’ म्हणून रेयॉन आणि पॉलिकॉटन सर्रास खपवलं जातं. कडेचे दोन-चार धागे मागून घ्या आणि घरी ताटलीत धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो. पण रेयॉनही कागदासारखंच जळतं, त्यामुळे नुसत्या जाळण्यावर विसंबू नका. धागा मधोमध ओला करून दोन्ही टोकांनी ओढा. रेयॉनचा धागा भिजल्यावर कमजोर होतो आणि ओल्या जागीच पटकन तुटतो. सुती धागा ओला झाल्यावर उलट जास्त ताण सोसतो. ही परीक्षा दुकानाच्या काउंटरवर, बाटलीतल्या पाण्याच्या एका थेंबावरही होते.

पोत कोणता घ्यायचा? रोजच्या वापराच्या कुर्त्याला कॅम्ब्रिक सगळ्यात सोयीचं. ६० काउंटचं (काउंट म्हणजे धाग्याच्या बारीकपणाचा आकडा) कॅम्ब्रिक अस्तराशिवाय चालतं, मुंबईच्या घामात अंगाला चिकटत नाही आणि छपाईच्या कडा त्यावर स्वच्छ उमटतात. मलमल सुखद असते, पण पांढऱ्या किंवा मोतिया जमिनीची (फुलांमागच्या मोकळ्या रंगाची) असेल तर अस्तर लागतंच. पॉपलीन शर्टाला छान, कुर्त्याला जरा ताठ. जाड स्लब (कमी-जास्त जाडीच्या धाग्याच्या) किंवा हातमागाच्या कापडावर मोठं फूल देखणं दिसतं, फक्त पाकळ्यांच्या कडा थोड्या विस्कटलेल्या उमटतात. काहींना तेच आवडतं.

मग छपाई. कापड उलटून पाहा. रंग मागच्या बाजूला बऱ्यापैकी उतरला असेल आणि हाताला छपाई जाणवत नसेल तर बहुधा रिॲक्टिव्ह रंग आहे. तो सुताच्या धाग्याशी रासायनिक रीतीने जोडला जातो, म्हणून टिकतो. मागची बाजू फिकी आणि वरून फुलाचा भाग किंचित जाडसर, कोरडा लागत असेल तर पिगमेंट. पिगमेंट बाइंडरच्या मदतीने धाग्यावर बसलेलं असतं, धाग्यात शिरलेलं नसतं. ते पाण्यात फारसं सुटत नाही, पण घासलं की झिजतं. बॅगेचा पट्टा रोज एकाच खांद्यावर येत असेल तर त्या खांद्यावरचं फूल सहा महिन्यांत धुरकट दिसायला लागतं. नव्या पिगमेंट छपाईला कधीकधी केरोसिनसारखा वास येतो, तो एक-दोन धुण्यांत जातो. मोठ्या गडद फुलांसाठी शक्यतो रिॲक्टिव्हच घ्या. लहानसहान छपाईत पिगमेंट चालून जातं.

डिजिटल छपाईत फुलाला फोटोसारख्या छटा असतात आणि मागची बाजू बऱ्याचदा बरीच फिकी राहते. दुपट्टा किंवा काफ्तान करणार असाल, जिथे उलटी बाजू दिसते, तर हे आधीच तपासा.

पांढरा सुती रुमाल बोटाला गुंडाळून सगळ्यात गडद फुलावर दहा वेळा घासा, मग तोच रुमाल दुसऱ्या जागी ओला करून पुन्हा. कोरड्या रुमालाला रंग लागला तर ते कापड सोडून द्या. ओल्याला हलकीशी छटा लागणं लाल, मरून आणि गडद निळ्या रंगांत नेहमीचं आहे, ते पहिल्या धुण्यांत आटोक्यात येतं.

यानंतरची तपासणी फारसं कुणी करत नाही आणि तिथेच मोठी फसगत होते. छपाई कापडाच्या धाग्याला सरळ आहे का, हे पाहायचं. दुकानदार कापड फाडून देत असेल तर फाटलेली कड हा सरळ आडवा धागा असतो. त्या कडेपासून एकाच ओळीतल्या फुलांचं अंतर दोन्ही काठांपाशी मोजा. ४४ इंची पन्ह्यात अर्ध्या इंचाचा फरक चालतो. एक इंचाहून जास्त फरक असेल तर घेऊ नका. फुलं सरळ ठेवून कापलं तर धागा तिरका जातो आणि दोन-तीन धुण्यांत कुर्ता अंगाभोवती पिळल्यासारखा फिरतो, कडेची शिवण पोटावर येते. धागा सरळ ठेवला तर फुलांची ओळ उतरणीला लागल्यासारखी दिसते. दोन्हीकडून नुकसान.

शेवटी कापडाचं एक टोक खांद्यावर टाकून सहा-आठ फुटांवरच्या आरशात पाहा, आणि रंग बाजाराच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, दाराशी उजेडात न्या. मोबाइलवर एक कृष्णधवल फोटो काढला तर फूल आणि जमीन यांच्यातला गडद-फिक्याचा फरक लगेच कळतो. फरक फार मोठा असेल, म्हणजे पांढऱ्यावर काळंकुट्ट फूल, तर प्रत्येक शिवणीवरची तुटलेली पाकळी लांबून दिसणार. नवख्याने मध्यम फरकाचं कापड निवडावं: मोहरी रंगावर मरून, निळ्यावर हिरवं-जांभळं. घामाचे डागही अशा गजबजलेल्या कापडावर दिसत नाहीत. गर्दीच्या लोकलने जाणाऱ्यांना हा फायदा लहान नाही.

किती मीटर

बाजारात तयार ‘कुर्ता पीस’ अडीच मीटरचा मिळतो. बारीक छपाईला तो पुरतो. मोठ्या फुलांना पुरेलच असं नाही, आणि कमी पडलं हे कळतं तेव्हा त्याच ताग्याचं कापड संपलेलं असतं.

आधी रिपीट, म्हणजे तीच नक्षी पुन्हा येण्याचं अंतर, मोजा. एखादं ओळखू येणारं पान किंवा पाकळीचं टोक धरा आणि काठाच्या दिशेने सरकत तेच टोक पुन्हा जिथे येतं तिथपर्यंतचं अंतर घ्या. नुसतं ‘तसंच फूल’ नको, नेमकं तेच हवं. एका रिपीटमध्ये सारखी वाटणारी तीन-चार फुलं असतात आणि त्यांच्या पानांची दिशा वेगळी असते. रोटरी छपाईत रिपीट बहुतेक वेळा ६४ सेंटिमीटरला, म्हणजे साधारण सव्वापंचवीस इंचांना बसतो, किंवा त्याच्या अर्ध्यात, पाव भागात. कारण छपाईच्या गोल जाळीचा घेरच तेवढा असतो. काठावर रंगांचे गोल ठिपके ओळीने छापलेले दिसले तर तेही कामाला येतात: जितके ठिपके तितके रंग, आणि ठिपक्यांची तीच ओळ जिथे पुन्हा येते तो रिपीट.

आता हिशेब. पुढचा भाग शिवण आणि खालची पट्टी धरून ४२ इंच, मागचा ४२. ४४ च्या पन्ह्यात हे दोन्ही शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक येतात. फुलं जुळवायची नसतील तर ८४ इंच पुरे. आटण्यासाठी ५ टक्के वाढवा, सव्वादोन मीटर झालं.

फुलं जुळवायची असतील तर मागचा भाग पुढच्या भागाच्या सुरुवातीपासून पूर्ण रिपीटांच्या अंतरावर सुरू व्हायला हवा. धुतल्यानंतर रिपीट २४ इंच उरला असं धरा. ४२ च्या पुढचा २४ चा पाढा ४८. म्हणून ४८ अधिक ४२, झाले ९०. त्यात छातीवर फूल हव्या त्या जागी आणण्यासाठी वरखाली सरकायला एक पूर्ण रिपीट, २४. एकूण ११४ इंच. आटण्याचे ५ टक्के धरून १२० इंच, म्हणजे तीन मीटरला थोडं वर. सव्वातीन मीटर घ्या. रिपीट १२ इंचांचा असेल तर ४८, ४२ आणि १२ मिळून १०२ इंच, आटणं धरून पावणेतीन मीटर. बाह्या बाजूला उरणाऱ्या पट्ट्यात आणि वरच्या तुकड्यात निघतात, खिसाही.

पन्हा ५८ असेल तर पुढचा आणि मागचा भाग शेजारी-शेजारी एकाच पातळीवर ठेवता येतात आणि कडेच्या शिवणीवर फुलांची पातळी आपोआप जुळते. तेव्हा सव्वादोन ते अडीच मीटरमध्ये सगळं होतं. दर मीटरमागे कापड महाग वाटतं, हिशेब केला तर तेवढं नसतं.

आधी पाणी

विणताना, रंगवताना आणि छापताना कापड ताणाखाली असतं. पाण्यात पडलं की धागे सैलावतात आणि कापड आटतं: साध्या सुती कापडात ३ ते ५ टक्के, हातमागाच्या सैल विणीत त्याहून जास्त, आणि रुंदीपेक्षा लांबीत अधिक. चाळीस इंची कुर्ता ५ टक्के आटला तर दोन इंच वर गेला. म्हणून शिवण्याआधी कापड एकदा भिजवायचंच. ‘प्री-श्रंक’ असा शिक्का असला तरी.

कापलेल्या दोन्ही कडांना ओव्हरलॉक किंवा हाताने मोठा धावदोरा घाला, नाहीतर मशीनमध्ये दोऱ्यांचा गुंता होतो. बादलीत भरपूर गार पाण्यात कापड उलगडून पंधरा-वीस मिनिटं बुडवा, हलवत राहा. पाणी रंगीत झालं तर ओता, नवीन घ्या. मग साधा लिक्विड साबण घालून कोमट पाण्यात धुवा. तयार कपडा पुढे जसा धुणार तसंच आता धुवायचं. मशीनमध्ये धुणार असाल तर आताही मशीनमध्येच, कारण आटायचं ते आत्ताच आटायला हवं.

मीठ किंवा तुरटी घातल्याने रंग पक्का होतो, हा समज घराघरांत आहे. रिॲक्टिव्ह रंगात मीठ कामाचं असतं ते रंगवताना. तयार कापडात सुटा राहिलेला रंग मिठाने जागेवर बसत नाही. तुरटीची गोष्ट जुनी आणि खरी आहे, फक्त ती वेगळ्या कापडाची आहे. कलमकारी आणि जुन्या छिटांच्या पद्धतीत रंग चढवण्याआधी कापडाला तुरटी लावतात आणि मग मुळांपासून काढलेला लाल रंग तिला धरतो. तो धुऊनही जात नसे, म्हणूनच या फुलांच्या छिटांनी युरोपचा बाजार असा व्यापला की फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने त्यांच्यावर बंदी आणली. आजच्या छापील कॅम्ब्रिकवर तुरटी नंतर टाकून काही हाती लागत नाही. सुटा रंग धुऊन काढणं हाच उपाय: आधी गार पाणी, मग गरम पाणी आणि साबण, पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत.

ओलं कापड गोळा करून बादलीत ठेवू नका. सुटलेला रंग असा दाबून राहिला की शेजारच्या पांढऱ्या जमिनीत उतरतो आणि तिथेच बसतो. पिळून लगेच दोरीवर, सावलीत, काठ सरळ धरून. थोडं दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करा. इस्त्री उभ्या धाग्याच्या दिशेने फिरवायची. आडवी-तिरकी ओढली तर सरळ कापड तुम्हीच तिरकं कराल.

मांडणी

इथे घाई नको. मुंबईच्या घरात सव्वातीन मीटर कापड एकेरी पसरायला जागा लागते. पलंग सरकवा, नाहीतर अर्धं पसरून अर्धं गुंडाळून ठेवा. पण दुहेरी घडी घालू नका. घडी घालून कापलं की खालच्या थरात कोणतं फूल कुठे गेलं ते दिसत नाही.

नेहमीचा अर्धा खाका इथे चालत नाही. पुढच्या भागाचा पूर्ण खाका लागतो, आणि तो पारदर्शक हवा. टेबलावर घालायचं पातळ प्लास्टिक मीटरवर मिळतं, ते यासाठी उत्तम. त्यावर मार्करने पूर्ण पुढचा भाग काढा, मधली उभी रेघ मारा आणि नको असलेल्या जागा लाल रंगाने दाखवा. आपल्या मापात छातीची दोन टोकं खांद्यापासून १० इंच खाली आणि मधल्या रेघेपासून साडेतीन इंच दोन्हीकडे येतात. तिथे रुपयाएवढे दोन ठिपके. खांद्यापासून १६-१७ इंचांवर, पोटाच्या मधोमध, आणखी एक. मागच्या भागाच्या खाक्यावर २२ ते २५ इंचांमधला पट्टा. प्रत्येकाने आपली मापं आरशासमोर टेप लावून घ्यावीत. उंची आणि बांधा बदलला की ठिपके सरकतात.

समजा मोतिया जमिनीवर पाच इंच व्यासाची लाल जास्वंद आहे, एका रिपीटमध्ये तीन मोठी फुलं आणि मध्ये पानांचे झुबके. पारदर्शक खाका कापडावर ठेवून मधली रेघ काठाला समांतर ठेवा. आता एक फूल डाव्या खांद्याच्या खाली आणा: मध्य खांद्यापासून साडेसहा इंच खाली आणि मधल्या रेघेपासून चार इंच बाजूला. पाच इंची फूल मग खांद्यापासून चार ते नऊ इंचांत बसतं. गळ्याची खोली पाच इंच असेल तर गळा पाकळीला जेमतेम टेकतो, आणि छातीच्या टोकाच्या वर एक इंच मोकळा राहतो. दुसरं फूल कुठे गेलं ते पाहा. ते उजवीकडे त्याच पातळीवर आलं तर जोडी झाली, खाका तीन-चार इंच बाजूला सरकवा. ते तिरकं खाली, कमरेच्या उजव्या बाजूला गेलं तर मांडणी जमली. बहुतेक मोठ्या छपाईत शेजारच्या उभ्या रांगेतलं तेच फूल अर्ध्या रिपीटने खाली उतरलेलं असतं, त्यामुळे हा तिरका तोल थोड्या सरकवासरकवीत सापडतो.

सगळे लाल ठिपके एकाच वेळी मोकळे होतीलच असं नाही. छातीची टोकं आधी सोडवा, मग मागची बसण्याची जागा, मग पोट. खालच्या कडेला फूल अर्धं कापलं गेलं तर काही बिघडत नाही. उलट तिथे पूर्ण फूल नेमकं कडेला टेकवून ठेवलं की किनारीसारखं कृत्रिम दिसतं. अगदी मधल्या रेघेवर मोठं फूल ठेवायचं तर ते बिनचूक मध्यावरच हवं. पाऊण इंच सरकलं तर चूक वाटतं, तीन इंच बाजूला असेल तर मुद्दाम केलेलं. सात इंचांहून मोठं फूल छातीवर नीट बसतच नाही, मुंढा (बाही जोडायची गोलाई) किंवा गळा ते खातो. अशी फुलं मांडीच्या बाजूला, घेरात उतरवा आणि छातीवर पानांचा किंवा मोकळ्या जमिनीचा भाग येऊ द्या.

दिशा पाहायला विसरू नका. वरवर चारी बाजूंनी सारख्या वाटणाऱ्या छपाईतही देठ बहुधा एकाच बाजूला असतात. कापडाच्या उलट्या बाजूला दर फुटाला खडूने वरच्या दिशेचा बाण काढा. तुकडे कापून झाल्यावर हे बाणच वाचवतात.

जागा पक्की झाली की पुढच्या भागाच्या खाक्यावर मार्करने फुलांच्या दोन-तीन बाह्यरेषा काढून घ्या. आता मागचा भाग: मुंढ्याच्या खालच्या टोकाशी पुढच्या भागात फुलाचा जो बिंदू आहे, तोच मागच्या भागातही त्याच पातळीवर यायला हवा. ए-लाइन कुर्त्याची कडेची शिवण तिरकी असते, त्यामुळे प्रत्येक पाकळी जोडली जाणार नाही. पातळी सारखी आली की डोळ्याला ओळ अखंड वाटते, त्याहून जास्त ओढाताण करण्यात अर्थ नाही. बाहीचंही तसंच. मुंढ्याच्या मध्याशी, खांद्यापासून तीन-चार इंच खाली, पुढच्या बाजूला एवढ्याच जागी पातळी जुळवा. वरच्या गोलाईत कापड थोडं चुणून बसतं, तिथे जुळवायचा हट्ट धरला तर बाही वळते. दोन्ही बाह्यांवर मात्र तेच फूल आरशातल्यासारखं नको. एका बाहीवर फूल, दुसरीवर पानं, हे जास्त मोकळं दिसतं.

वरून लावायचा खिसा ठेवायचा असेल तर खिशाचा पारदर्शक खाका, दुमडायची माया (शिवणीसाठीचं जादा कापड) सोडून, कुर्त्यावर नेमका ठेवा, त्याखालच्या पाकळ्या काढून घ्या आणि उरलेल्या कापडात तशाच पाकळ्या शोधा. अर्ध्या सुताचाही (इंचाच्या सोळाव्या भागाचाही) फरक दिसतो. इतकं जमत नसेल तर कडेच्या शिवणीत आतला खिसा द्या, प्रश्नच मिटतो.

कापणं आणि शिवणं

मोठ्या फुलांच्या कापडाला जेवढ्या कमी शिवणी तेवढं बरं. प्रिन्सेस कट, योक, कळ्या, छातीच्या चुण्या, हे सगळं फूल चिरतं. चार इंचांच्या ढिलाईत टक्सशिवाय भागतं. फिटिंग हवंच असेल तर कडेच्या शिवणीतून निघणारा एकच आडवा टक्स घ्या.

कापताना कडेला एक इंच माया, खांद्याला अर्धा. प्लास्टिक सरकू नये म्हणून टाचण्या नकोत, वजनं ठेवा. खलबत्त्याचा बत्ता, जाड पुस्तकं, काहीही चालेल.

मलमलला ११ नंबरची नवी सुई, कॅम्ब्रिकला ११ किंवा १४, जाड खादीला १४. बोथट सुई गडद छपाईत धागा ओढते आणि टिपेच्या बाजूने पांढरी रेघ दिसते. इंचाला दहा ते बारा टाके. दोरा जमिनीच्या रंगाचा घ्या, फुलाच्या नव्हे.

क्रम असा ठेवा: आधी खांदे, मग गळा, मग बाही मुंढ्याला उघडीच जोडा आणि शेवटी बाहीपासून खालच्या कटापर्यंत कडेची एकच लांब टीप. कडेच्या टिपेआधी मुंढ्याखाली जुळवलेल्या बिंदूवर टाचणी लावून वर-खाली दोन-दोन इंच कच्चा दोरा घालाच. मशीनचे दात खालचं कापड किंचित जास्त ओढतात, त्यामुळे चाळीस इंचांत अर्धा इंच सहज सरकतो आणि केलेली सगळी जुळवणी वाया जाते.

गळ्याची आतली पट्टी त्याच कापडाची करू नका. फिक्या जमिनीतून आतलं लाल फूल बाहेर डागासारखं दिसतं. जमिनीच्या रंगाचं साधं कॅम्ब्रिक भिजवून-आटवून घ्या आणि त्याची पट्टी लावा. गळ्याला फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं आतलं कापड) लावणार असाल तर हलकंच. खालची पट्टी दुमडतानाही हाच त्रास होतो. दोन इंचांची रुंद दुमड टाळा, अर्धा-पाऊण इंच पुरे. मलमलीला अस्तर देताना तेही सुतीच आणि आधी भिजवलेलं असू द्या. पॉलिएस्टरच्या अस्तराने सुती कपड्याचा सगळा उपयोगच जातो.

मास्तरकडे टाकायचं असेल तर

कटिंग मास्तर सवयीप्रमाणे कापड चौपदरी घालून टोकापासून कापतात. त्यात त्यांचं चुकत नाही, रोजच्या कापडाला तेच बरोबर असतं. मोठ्या फुलांचं कापड देताना मांडणी तुम्ही घरी ठरवा, पुढच्या आणि मागच्या भागाचा खांदा, मधली रेघ आणि खालची कड उलट्या बाजूने खडूने आखा, त्यावर ‘पुढचा’, ‘मागचा’ लिहा आणि पसरलेल्या कापडाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा. ‘फुलं नीट बघून कापा’ एवढं सांगून काम होत नाही. ‘घडी घालू नका, या आखणीवर एकेरी कापा’ हे समजतं. शिलाईचे थोडे जास्त पैसे मागितले तर द्यावेत, वेळ दुप्पट लागतो. दिवाळी-गणपतीच्या तोंडावर मात्र असं काम टाकू नका.

शर्टाला एक जादा अडचण असते ती पुढच्या बटणपट्टीची. हवाईत १९३० च्या दशकात लोकप्रिय झालेल्या फुलाफुलांच्या शर्टांत चांगल्या शिलाईची खूण अजूनही तीच मानतात: बटणं लावल्यावर फूल पट्टीवरून अखंड जायला हवं आणि खिसा दिसता कामा नये. त्यासाठी बटणं लावल्यावर वर येणारी बाजू आधी कापा. मग तिची मधली रेघ ज्या पाकळीवरून गेली, तीच पाकळी दुसऱ्या बाजूच्या मधल्या रेघेवर आणा. पट्टीची कड जुळवू नका, मधली रेघ जुळवा. ५८ पन्ह्याचं अडीच मीटर कापड अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला पुरतं. खालची कड सरळ ठेवा, शर्ट बाहेर सोडूनच घालायचा असतो.

धुणं आणि पावसाळा

पहिली तीन धुणी वेगळी, गार पाण्यात, उलटं करून. तासन्‌तास भिजत ठेवू नका, दहा-पंधरा मिनिटं बास. क्लोरीन ब्लीच तर नकोच. नीळ आणि जास्त झळाळी आणणारी पावडर मोतिया जमीन निळसर करतात, त्यामुळे असल्या कापडाला साधा लिक्विड साबण. बाहीचा मुंढा आणि गळा ब्रशने घासू नका, पिगमेंट छपाई असेल तर तिथलं फूल सगळ्यात आधी जातं. बोटांनी चोळा.

उन्हात उलट्या बाजूने वाळवलं तरी गॅलरीतल्या थेट दुपारच्या उन्हात लाल आणि जांभळा फिका पडतो. सावलीतला वारा पुरतो. जुलैत मात्र सावलीत कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, आंबूस वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते फिक्या जमिनीवरून रंग न बिघडवता काढणं जवळजवळ अशक्य. मशीनमध्ये पिळणं दोनदा चालवा, हँगरवर बटणं उघडी ठेवून पंख्याखाली लावा, आणि नव्वद टक्के वाळल्यावर उलट्या बाजूने कडक इस्त्री करून उरलेली ओल काढा. दमट कपडा घडी करून कपाटात ठेवू नका.

कडक खळ आवडत असेल तर दोन लिटर पाण्याला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, आधी गार पाण्यात कालवून मग उकळून आणि गाळून. गाळलं नाही तर गडद फुलांवर पांढरे ओघळ दिसतात. जून ते सप्टेंबर खळ बंद ठेवा: खळीवर बुरशी धरते आणि कसरही तिच्यामागे येते.